बापूंच्या वाटचा रोडगा

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापलं की ते अकोल्यात लेकीच्या घराच्या ओट्यावर बसून हे सगळं मोठ्यानं वाचतील, शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा वाचतील, आणि त्यांचा आवाज असा आहे की अकोल्यात वाचलेलं आमच्या गावात ऐकू येईल. एवढं सुख त्यांना माझ्या हातून मिळायला नको. जन्मभर मिळालं तेवढं पुष्कळ झालं.

गाव त्यांना बापू म्हणायचं आणि मला साहेब. आम्ही दोघं नगर परिषदेत एकाच दिवशी लागलो, एकाच बाकावर बसून एकाच पेनानं सह्या केल्या. ते कर विभागात गेले, मी बांधकामात. म्हणजे ते लोकांकडून पैसे घेणार आणि मी लोकांना रस्ते, नाल्या देणार. हिशेबानं पाहिलं तर लोकांनी मला ओवाळायला हवं होतं. पण साहेब म्हटलेल्या माणसाला लोक खुर्ची देतात, बापू म्हटलेल्याला जेवण. मी आयुष्यभर खुर्च्यांवर बसलो आणि बापू आयुष्यभर जेवले.

जेवून अंगाला काही लागलं नाही, हेच काय ते माझं सांत्वन. माणूस म्हणजे कापसाच्या पऱ्हाटीची काडी. वाऱ्याच्या दिवशी विजेच्या खांबांना धरत धरत कार्यालयात पोचायचे. पण देवानं त्या काडीत बैलाचा गळा बसवला होता. बापूंनी नगर परिषदेच्या पायरीवरून शिपायाला हाक मारली की परतवाड्याच्या स्टँडवर जीपमध्ये बसलेली माणसं "आलो, आलो" करत खाली उतरायची. बोलताना वाक्याच्या शेपटाला एक लांब 'वो' बांधलेला असायचा, गाडीच्या मागं बांधलेल्या वासरासारखा ओढत येणारा. तो 'वो' मला फार सुंदर जमतो. समोरच्या टपरीवर, बापू नसले की, मी त्यांची नक्कल करायचो. टपरीवाला चहाचे पैसे घ्यायचा नाही. म्हणायचा, "साहेब, डोये मिटले का बापूच उभे हायत माह्या समोर." मग तो डोळे उघडायचा, समोर मी असायचो, आणि त्याचं तोंड उतरायचं. हे मला दर वेळी दिसायचं. तरी मी नक्कल करतच राहिलो.

बापूंच्या पायात बाराही महिने गमबूट. मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडे डांबर चप्पल धरून ठेवतं आणि एका खांबाच्या सावलीसाठी कावळे रांग लावतात, तेव्हासुद्धा. कोणी विचारलं, "बापू, पाऊस कोठी हाय?" तर म्हणायचे, "पावसाले इचारून बूट घालू काय वो?" त्या बुटात अंडं टाकलं असतं तर दुपारपर्यंत उकडलं असतं. एकदा कोणीतरी टाकलंही. कोणी, ते विचारू नका. संध्याकाळी बापूंनी बूट उपडा केला, अंडं सोललं आणि मीठ मागितलं.

दुसरी खोड म्हणजे दार. कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी मागचं दार पाहणार. नसलं तर घरमालकाची हजेरी घेणार. "पयले दार पाहावं, मंग नवरी," असं एक वाक्य ते घासून घासून वापरायचे. माझ्या मेहुण्याचं लग्न अकोल्यात होतं. मांडव तिन्ही बाजूंनी कापडानं बंद, एकच दरवाजा, आणि आचारी आत. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात होती. बापू उठले, खिशातून सुपारी कापायचा अडकित्ता काढला आणि मागचं मखमली कापड वरपासून खालपर्यंत फाडलं. मुलीचे वडील धावत आले.

"अहो, हे काय करून राहिले तुमी?"

"दार करून राहिलो वो. आग लागली त नवरी कोठून काढसान?"

"माह्या पोरीच्या लग्नात आग कावून लागन?"

"तिले पत्रिका लागत नाई."

मला मनातून अशा गुदगुल्या झाल्या की काय सांगू. म्हटलं, आता या माणसाची निघते वरात. पण आग लागली नाही, काही नाही, आणि अक्षता पडताच वऱ्हाडी मंडळींच्या लक्षात आलं की त्या फाटक्या भागातून बाहेर पडलं तर पंगतीत पहिला नंबर लागतो. सगळं लग्न तिथून गेलं. नवरदेवाचे काका तर जेवून आल्यावर बापूंच्या पाया पडले. माझ्या सासऱ्यांनी आजतागायत माझ्याजवळ बापूंची चौकशी केलेली आहे. माझी, बापूंजवळ, एकदाही नाही.

तिसरी खोड सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. बापू लोकांच्या घरची म्हातारी माणसं उचलून पाहायचे. करवसुलीला गेले की पावती फाडून झाल्यावर विचारायचे, "घरात सगळ्यात जड कोन?" मग त्या आजोबांना नाहीतर आजीला लाकडी खुर्चीत बसवायचं, घरातल्या दोन पोट्ट्यांना खुर्ची धरायला लावायची आणि मारुतीच्या देवळापर्यंत मिरवत न्यायचं. दर्शनाचं निमित्त. खरं म्हणजे कोणतं म्हातारं कोणाला किती झेपतं, हे ते जोखून ठेवायचे. माझी माय नदीकाठच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. मी नव्या वसाहतीत घर बांधलं, तिच्यासाठी फरशीची खोली केली, ती आली नाही. रस्ता ओलांडताना मी हात धरला तर झटकून टाकायची. पण बापूंची खुर्ची येणार म्हटलं की ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यावर तयार.

आता मुद्दा. आमच्या गावाला एक नदी आहे. वर्षातले दहा महिने ती कोणाच्या लक्षात नसते. वर सातपुड्याच्या पायथ्याशी धरण आहे. मेळघाटात पाऊस कोसळला की धरणाची दारं उघडतात, आणि मग पहिल्यांदा नदीवरचा रपटा, म्हणजे आमचा तो बुटका पूल, पाण्याखाली जातो आणि त्यानंतर नदीकाठची वस्ती. वस्तीत फुलं आणि भाजी पिकवणारी माळी मंडळी, गाद्या भरणारे पिंजारी, रपट्यापलीकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला जाणाऱ्या बाया, आणि माझी माय. धरणातून निरोप आल्यापासून दोन-तीन तासांत सगळी वस्ती टेकाडावरच्या शाळेत चढली पाहिजे. चढली तर पूर म्हणजे नुसता चिखल. नाही चढली तर काय, ते मी लिहीत नाही.

हे काम सरकारी भाषेत आपत्ती व्यवस्थापन. मुख्याधिकाऱ्यांनी ते माझ्याकडे दिलं, बापूंकडे नाही. त्या दिवशी मी घरी श्रीखंड नेलं. मला अमरावतीला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं मला चमकत्या पट्ट्यांचं जाकीट मिळालं. डासांच्या औषधाची कोठी रिकामी करून नियंत्रण कक्ष झाला, त्यात टेलिफोन, नकाशा, दोर आणि एक रबरी बोट. बोटीची चाचणी आम्ही बगिच्याच्या फवाऱ्यात घेतली, तिथं ती आडवी मावली नाही. मी आराखडा लिहिला, रंगीत मुखपृष्ठाचा. दर वर्षी मुखपृष्ठावरचं साल मात्र आठवणीनं बदलायचो.

आणि रंगीत तालीम ठेवली. अकोल्याहून भोंगा आणायला स्वतः गेलो. दुकानदारानं बरेच वाजवून दाखवले. एक कर्कश, एक कुत्रं केकाटल्यासारखा. त्यातला एक मला कानाला बरा वाटला. ओळखीचा वाटला, घरचा वाटला. तोच घेतला.

तालमीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, सगळे चमकती जाकिटं घालून बसले. मी इशारा केला. भोंगा वाजला. योजनेप्रमाणे वस्तीतल्या लोकांनी घरं सोडून टेकाडाकडे यायचं होतं. लोकांनी घरं सोडली. अगदी झटपट सोडली. बायांनी जेवणाचे डबे उचलले, पदर खोचले, आणि सगळ्या जणी रांगेनं नदीकडे चालत्या झाल्या. रपटा ओलांडून पलीकडे. कारण तो भोंगा तंतोतंत जिनिंगच्या पाळीच्या भोंग्यासारखा होता. ओळखीचा का वाटला होता, ते तेव्हा कळलं.

बापू कोपऱ्यात फुटाणे खात उभे होते. ते माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. बापूंचं कुजबुजणं म्हणजे सगळ्या मैदानाला ऐकू जाणारं.

"साहेब, लोकायले तुमी पुरात धाडलं वो."

नगराध्यक्ष हसले. मग मुख्याधिकारी हसले. मग हसायची परवानगी मिळाल्यासारखे सगळेच हसले. बापू मात्र हसले नाहीत. ते रपट्यावरून जाणाऱ्या बायांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मानूस घाबरला का सवयीचं काम करते. भोंगा ऐकला का कामावर जाते. जेवाले बलावलं त कोठी जाईन?"

त्या ज्येष्ठात बापूंनी शाळेवर रोडग्यांची पंगत सुरू केली. रोडगा बाहेरच्यांना माहीत नसेल: गव्हाच्या जाड कणकेचा, तेलाची घडी घातलेला गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेला. वरून तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे नवस फेडायचा तर रोडग्यांनी. लोकांनी विचारलं, "कोनाचा नवस हाय बापू?" ते म्हणाले, "नदीचा." पुढे कोणी विचारलं नाही. नवसाला फार प्रश्न विचारत नाहीत.

पण पंगतीचे कायदे असे की कोर्टात नसतील. कणीक आणि ताट ज्याचं त्यानं आणायचं. यायचं ते चढाच्या कुंभारगल्लीनं, रपट्याच्या रस्त्यानं आलेल्याला वाढणार नाही. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसल्याशिवाय त्या घराला पान नाही. शेळ्या-बकऱ्या वर आणून शाळेच्या कुंपणाला बांधायच्या. आणि तूप फक्त रेशनकार्ड दाखवणाऱ्याला. बाया कपाळावर हात मारायच्या, "देवाच्या जेवनाले रेशनकार्ड कायले लागते वो बापू?" बापू तुपाची तपेली मागं धरून म्हणायचे, "तूप पातय हाय. ओयख पटल्याशिवाय सांडत नाई." एक-दोन वर्षांत अशी सवय लागली की वस्तीत रोडग्याचा वास आला तरी लोकांचा हात आधी रेशनकार्डाकडे जायचा.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे टिपणी पाठवली, की कर विभागाचा कर्मचारी कार्यालयीन वेळेत रोडगे भाजतो. मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं आणि नाराज होऊन विचारलं, "मला का नाही सांगितलं? वांग्याची भाजी असते का सोबत?"

मग खरा पूर आला. श्रावण अर्धा सरला होता आणि आमच्या गावात लख्ख ऊन होतं. पाऊस सगळा वर डोंगरात. दुपारी कक्षातला फोन वाजला: धरणाची दारं उघडतायत, संध्याकाळच्या आत पाणी वस्तीत. मी भोंग्याला हात लावला नाही, तेवढं शहाणपण होतं. रिक्षाला कर्णा बांधला आणि निघालो. "नागरिकांना सूचित करण्यात येते की, धरणातून विसर्ग सुरू करण्यात आला असून..."

फुलांचे हार गुंफत बसलेल्या किसनाबाईनं मान वर केली. "कोन्ती निवडनूक हाय वो साहेब?"

"निवडणूक नाही, पूर येऊन राहिला."

"या उन्हात?" ती म्हणाली आणि शेजारणीला म्हणाली, "साहेबाले ऊन लागलं व माय."

माझी माय अंगणात बसली होती. मी रिक्षातून उतरून म्हटलं, "माय, चाल, पानी येऊन राहिलं."

"मी तुरीच्या डाईले ऊन दाखवून राहिली. सरक, सावली पडते तुही."

घरोघर हेच. मी शाळेकडे धावलो, म्हटलं निदान खोल्या उघडून ठेवाव्या. तर शाळेच्या ओसरीत धूर. बापू गोवऱ्या रचून, फू फू करत, निखाऱ्यात रोडगे पुरत बसलेले. माझ्या कक्षाची आणि कर विभागाची भिंत एकच, आणि पातळ. मी फोनवरचा निरोप वहीत सुवाच्य अक्षरात उतरवत होतो तेवढ्यात हा माणूस पंगतीची शिल्लक कणीक घेऊन टेकाड चढला होता.

मी हात जोडले. जळत होतो आतून, पण जोडले. "बापू, तुमी हाक मारा. माझं कोणी ऐकत नाही."

"रोडगे कच्चे हाय वो."

"अहो, लोक बुडतील. माय हाय माही तिथं."

"पानी रपट्याले लागलं काय?"

मी पाहिलं. "लागायले आलं."

"मंग वेळ हाय." त्यांनी एक रोडगा चिमट्यानं उलटला. "कच्च्यावर बलावलं अन् लोकायनं पाह्यलं का ताट कोरंच हाय, त पुढच्या खेपीले कोन येईन? पुराले पुढची खेप असते वो साहेब. खोट्या हाकेले नसते. उभे काय राह्यले, वारा घाला."

आपत्ती व्यवस्थापनाचा प्रमुख चमकतं जाकीट घालून पुठ्ठ्यानं गोवऱ्यांना वारा घालत बसला. धूर डोळ्यांत, घाम पाठीत, आणि खाली नदीचा रंग बदललेला स्पष्ट दिसतोय. बापूंनी एक रोडगा काढला, राख झटकली, फोडला, हुंगला आणि परत निखाऱ्यात टाकला. त्या क्षणी त्यांच्याच अडकित्त्यानं त्यांचं काय करावं, असं मला वाटलं ते सोडून देतो. मग दुसरा काढला. फोडला. त्यातून वाफ निघाली. बापू उठले, ओसरीच्या टोकाशी गेले, आणि कर्णा-बिर्णा न घेता, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले.

"रोडगेऽ निघालेऽ वोऽऽऽ!"

झाडावरचे बगळे उडाले. शाळेची कौलं खडखडली. आणि वस्तीत दारं उघडू लागली. कुंभारगल्लीनं ताटं चमकत वर येऊ लागली. शेळ्या, खुर्च्यांत बसवलेली म्हातारी, बगलेत रेशनकार्डं. किसनाबाई हारांची टोपली डोक्यावर घेऊन आली. पिंजारी चाचा, आमच्या वस्तीतले सगळ्यात जुने गादीवाले, कापसाची गाठोडी पाठीवर घेऊन चढले, ओला कापूस त्यांना सासरवाडीपेक्षा नकोसा. आणि माझी माय, दोन पोट्ट्यांनी धरलेल्या खुर्चीत, मांडीवर ताट, माझ्यापुढून गेली.

"तू अठी काय करून राहिला?" ती म्हणाली. "जाय, घराले कुलूप लावून ये."

अंधार पडायच्या आत पाणी खिडक्यांना लागलं. माणूस सोडा, वस्तीतलं एक ताट वाहून गेलं नाही, कारण सगळी ताटं लोकांच्या हातात होती.

स्वातंत्र्यदिन जवळच होता. मैदानावर बापूंना शाल आणि नारळ. शालीचं तबक माझ्या हातात दिलं होतं, धरायला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात बापू, मुख्याधिकारी, शाल, नारळ आणि माझं कोपर. कोपर छान आलं आहे. आमच्या हिनं तो फोटो कापून देवघराशेजारी लावला. म्हटलं, "माझ्या कोपरासाठी?" ती म्हणाली, "तुमचं कोपर हाय यात?"

पुढे बापू, वयानं मोठे म्हणून माझ्याआधी, निवृत्त झाले, अकोल्याला लेकीकडे गेले. निरोपाच्या दिवशी गाव रडलं. मीही रडलो, सुटकेनं. आता मैदान माझं होतं. पंगत मी बंद केली नाही, सुधारली. धुराचे रोडगे काढून टाकले, केटररचा मसालेभात आणि जिलबी ठेवली, आधी माझं आपत्तीविषयक मार्गदर्शन. पहिल्या वर्षी अर्धी वस्ती आली. दुसऱ्या वर्षी भात उरला. त्यानंतर केटररच विचारू लागला, "साहेब, घेऊन येऊ काय, का घरीच ठेवू?"

आणि परवाच्या पावसाळ्यात परत निरोप आला. सकाळची वेळ, परत तेच ऊन, परत दारं उघडतायत, दुपारपर्यंत पाणी. वस्तीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर इशारा गेला. लोकांनी वाचला आणि पुढे एकमेकांना पाठवला. उठलं कोणी नाही. गेल्या खेपेचा पूर त्यांच्या आठवणीत पूर म्हणून नव्हताच, जेवण म्हणून होता.

माझ्याकडे अकोल्याचा नंबर होता. काढलाही. पण फोन केला असता तर बापू आले असते, रस्ता बंद असता तर पोहत आले असते, आणि मग शाल, नारळ, कोपर. मी फोन खिशात टाकला आणि घरातली गव्हाची कणीक घेऊन शाळेवर गेलो.

तिथं पिंजारी चाचा आधीच येऊन बसले होते. पूर येवो न येवो, नदी गढूळ झाली की ते कापूस घेऊन वर चढतात. गोवऱ्या सादळलेल्या, पेटेनात. चाचांनी गाठोड्यातला मूठभर कापूस काढून दिला. "लो साहब. पर आपको आता है क्या ये सब?"

"येतं," मी म्हटलं. येत नव्हतं. जन्मभर खाल्ले होते. पण खोट्या हाकेला दुसरी खेप नसते, हे त्या माणसाचं वाक्य माझ्या डोक्यात असं रुतलेलं की कणीक मळल्याशिवाय तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. कणकेला तेल किती, मीठ किती, काही अंदाज नाही. निखारे जास्त झाले. पण अखेर एकातून वाफ निघाली. मी ओसरीच्या टोकाशी गेलो आणि कर्णा तोंडाला लावला.

"रोडगे तयार झाले आहेत. नागरिकांनी ताट घेऊन शाळेवर यावं."

खालून कोणीतरी ओरडलं, "कोनाचे रोडगे?"

"नगर परिषदेचे."

एक खिडकी उघडी होती, तीही लागली.

खाली रपट्यावर पाणी चढलं होतं. आमच्या घराचं दार मला तिथून दिसत होतं, दारात माय धान्य वाळत घालत होती. मी कर्णा खाली ठेवला. डोळे मिटले. टपरीवर उभा राहायचो तसा राहिलो, पाठ थोडी वाकवून, हात तोंडाशी. आणि घशाच्या तळातून तो काढला.

"रोडगेऽ निघालेऽ वोऽऽऽ!"

मागं चाचांच्या हातून चिमटा पडला. "या अल्ला," ते म्हणाले, "बापू को निगल गए क्या साहब?"

बगळे उडाले. खरंच उडाले, यात माझं काही जोडलेलं नाही. दारं उघडली. ताटं निघाली, खुर्च्या निघाल्या, शेळ्या निघाल्या. मी आणखी एकदा ओरडलो, आणि आणखी एकदा, तो 'वो' जितका लांबेल तितका लांबवत. वस्ती रिकामी होईपर्यंत ओरडलो. गळा फाटला, पण शेवटचं कुलूप लागलेलं पाहिलं तेव्हाच थांबलो. दुपारी पाणी आलं आणि त्याला घरांत कोणी सापडलं नाही.

वर मात्र एकच घोष. "बापू आले. बापू कोठी हाय?" किसनाबाईनं सगळ्या खोल्या धुंडाळल्या, अगदी संडासाचं दारसुद्धा वाजवलं. मी बसलेल्या आवाजात सांगितलं, "ते गेले. कामात होते." लोकांना ते पटलं. पुराआधी येणं आणि जेवणाआधी जाणं, हे बापूंनाच शोभतं, असं सगळ्यांचं मत पडलं. मी चाचांकडे पाहिलं, की एक तरी साक्षीदार बोलेल. चाचा दाढी खाजवत म्हणाले, "मैं क्या बोलूँ. आवाज तो बापू का ही था."

मग ताटात रोडगे पडले. लोकांनी फोडले, काळं कवच बाजूला केलं, आणि शेवटी किसनाबाई म्हणाली, "बापूनं हाक मारली, पन रोडगे साहेबानं केले वाट्टे."

संध्याकाळी अकोल्याहून फोन. "साहेब, मी आल्तो म्हने आज तुमच्याकडे?"

"असं लोक म्हणतात."

"काय बोललो मी?"

"तेच. नेहमीचं."

बापू म्हणाले, "बरं झालं आलो. पन रोडगे करपवू नाई वो साहेब. मले चार फोन आले. माही बदनामी होते."

मी फोन ठेवला आणि मायकडे गेलो. ती शाळेच्या एका खोलीत पोत्यावर बसली होती. शेजारी एक ताट, दुसऱ्या ताटानं झाकलेलं. मला पाहून म्हणाली, "बापू आल्ते, अन् तू त्यायले जेवल्याबिगर जाऊ देल्लं? काही रीत हाय का तुले?"

"घाई होती त्यांना."

"म्या त्यायच्यासाठी एक झाकून ठेवला. सगळ्यायतला तोच बरा भाजला, निवडून ठेवला. येतीन त देजो."

मी झाकण काढलं. रोडगा खरोखर बरा होता, चहूबाजूंनी तांबूस, वर तूप थिजलेलं. मला दिला होता तो कोळसा होता. माय उशाला गाठोडं घेऊन आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी ताट मांडीवर घेतलं, रोडगा फोडला आणि खाऊन टाकला, सगळा, तुपासकट.

"कोन खाऊन राहिलं रे?" माय न वळता म्हणाली.

मी घास गिळला. गळा बसलेला होता, तरी जमलं.

"मीच वो माय," मी म्हणालो. "बापू."

"जेवा मंग सावकाश," ती म्हणाली. ज्या सुरात म्हणाली, तो सूर मी तिच्या तोंडून माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता.